सात जणच वर गेले

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात एका गोरिला कुटुंबाला दिवसाला आठच माणसं भेटू शकतात, तीही एकच तास. परवाना 800 डॉलरचा, म्हणजे आपल्या सत्तर हजार रुपयांच्या आसपास, आणि तो कित्येक महिने आधी काढून ठेवावा लागतो. त्यामुळे युगांडाच्या सहलीचं सगळं वेळापत्रक आम्ही त्या एका तारखेभोवती बांधतो. किबालेचे चिंपांझी, काझिंगा चॅनेलमधले पाणघोडे, इशाशाचे झाडावर चढणारे सिंह, हे थोडं पुढेमागे करता येतं. ब्विंडीकाठच्या बुहोमा गावातली ती सकाळ मात्र हलत नाही.

मी सहलींबरोबर व्यवस्थापक म्हणून जाते. त्या खेपेला सात प्रवासी होते आणि आठवा परवाना माझा. पुण्याचे तिघं, नाशिकचं एक जोडपं, ठाण्याच्या एक बाई आणि कराडहून एकटे आलेले काका. काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू चार वर्षांपूर्वी गेलेल्या, सहलीचे पैसे परदेशातल्या मुलाने भरलेले. वय अडुसष्ट, पण रोज पहाटे सदाशिवगड चढून येणारा माणूस. गोरिलांपर्यंतची चढण कोणाला जड जाईल याचा अंदाज मी पहिल्या दिवसापासून घेत असते. या गटात दोघांच्या गुडघ्यांची मला काळजी होती. काकांची अजिबात नव्हती.

किबालेत ते सगळ्यांच्या पुढे होते. तिथे तेरा जातींची वानरं-माकडं आहेत, पण माणसं येतात ती चिंपांझींसाठी. एका नराने मोठ्या झाडाच्या फळीसारख्या उभ्या मुळांवर हातापायांनी धडाधड ठोके दिले, सगळं रान घुमलं, आणि काका टाळ्या वाजवायला निघाले ते वाटाड्याने हात धरून थांबवले. रात्री जेवताना त्यांच्या तोंडी तेवढंच होतं. “आपल्याकडं ढोल असा वाजवत नाहीत गं पोरी,” म्हणाले.

इशाशात दिवसभर उघड्या टपाच्या गाडीतून फिरणं झालं. लाल धूळ नाकातोंडात जाते. उंबराच्या जातीच्या एका प्रचंड झाडाच्या फांदीवर सिंहीण पाय लोंबकळत सोडून झोपलेली दिसली आणि गाडीतले सगळे तिच्याकडे पाहात असताना मागच्या सीटवर काका खोकले. मग पुन्हा एकदा. बुहोमाला पोहोचेपर्यंत त्यांनी गालात लवंग धरली होती. जेवताना गरम पाणी मागवलं, खिशातून सितोपलादीची डबी काढली आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर ती रुमालाखाली सरकवली.

पहाटे नाश्त्याला मी मुद्दाम लवकर गेले. काका आधीच येऊन बसले होते. बोलताना आवाज बसलेला, डोळे पाणावलेले, आणि खोकला आला की ते तो छातीतच दाबून धरत होते.

“काका, बरं नाहीये तुम्हाला.”

“धुळीनं झालंय गं. तूच बघितलीस की धूळ.”

धुळीचा खोकला झोपेनंतर उतरतो. हा रात्रीत वाढला होता. मी समोर बसले आणि जे सांगायचं ते सरळ सांगितलं. आजारी माणसाने गोरिलांपुढे जायचं नाही, हा उद्यानाचा नियम आहे. कारण त्यांची आणि आपली जनुकं जवळजवळ सारखी, आपल्याला होणारी सर्दी त्यांना होते, पण तिच्याशी झगडायची सवय त्यांच्या शरीराला नाही. 1996 मध्ये याच ब्विंडीत एका गोरिला कुटुंबाला खरूज झाली आणि त्यात एक पिल्लू दगावलं. माणसांच्या कपड्यांवरून ती गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्या वेळी उपचार करणाऱ्या तरुण पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे 2003 मध्ये एक संस्थाच काढली, जंगलाकाठच्या माणसांचं आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र सांभाळणारी.

काका ऐकत होते, पण पटत नव्हतं. मग मी किबालेचं सांगितलं. ज्या जंगलात त्यांनी तो ढोल ऐकला, त्याच जंगलातल्या चिंपांझींच्या दुसऱ्या एका गटात 2013 मध्ये साथ आली. छप्पन्न चिंपांझींपैकी पाच मेले. तपासात सापडला तो ऱ्हायनोव्हायरस, आपल्या पोरांना सर्दी करणाऱ्या विषाणूंपैकी एक.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “मी मास्क लावतो. एकदासुद्धा खोकणार नाही. तू बोलली नाहीस तर कुणाला कळतंय?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत प्रवाशाने इतक्या आर्जवाने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मुलगा रोज रात्री फोन करून विचारायचा, “बाबा, गोरिला कधी?” हे मला ठाऊक होतं. पैसे परत मिळतील असं मी कबूल करू शकत नव्हते, दुसऱ्या दिवसाचा परवाना मिळण्याची शक्यता नव्हती, आणि त्यांच्या वयाला पुन्हा येणं जमेल का, हे कोणी सांगावं? हे सगळं डोक्यात असतानाच मी म्हणाले, “काका, उद्यानाच्या चौकीवर ते मलाही विचारतील. आणि मी सांगणार आहे.”

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि उठून गेले.

चौकीवर सकाळी सगळ्यांची हजेरी होते. हात निर्जंतुक करायचे, ताप पाहायचा, मास्क घ्यायचे, मग रेंजर नियम सांगतो. दहा मीटरचं अंतर, फ्लॅश बंद, थुंकायचं नाही, जंगलात शौचाला जावंच लागलं तर तीस सेंटिमीटर खोल खड्डा करून बुजवायचा. काका आले होते. पाठीवर पिशवी, पायांत मोजे विजारीवर ओढलेले, पूर्ण तयारीनिशी. तापाचं यंत्र कपाळासमोर धरलं तर आकडा अगदी व्यवस्थित निघाला. नाशिकच्या काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, “बघ, काही नाहीये त्यांना.” रेंजरने विचारलं, कोणाला सर्दी, खोकला, जुलाब? कोणी बोललं नाही. काका समोरच्या डोंगराकडे बघत होते.

मी सांगितलं.

रेंजरने आवाज चढवला नाही. काकांना बाजूला नेलं, टोपी काढून त्यांच्याशी बोलला, वाहनचालकाला बोलावून गावातल्या ब्विंडी कम्युनिटी हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. आमच्या गटातले दोघं माझ्याशी त्यानंतर दुपारपर्यंत बोलले नाहीत. “तुमचं मन कसं झालं?” एवढंच ठाण्याच्या बाईंनी विचारलं.

वाटेबद्दल फार सांगत नाही. ब्विंडीला अभेद्य म्हणतात ते उगाच नाही. निसरडा उतार, पायात अडकणाऱ्या वेली, हातमोज्यातूनही डसणाऱ्या खाजऱ्या पानांची झुडपं. पुढे कोयत्याने वाट काढणारे, मागे सामान आणि वेळ आली तर माणूसही ओढून नेणारी गावातली पोरं. गुडघ्यांची भीती होती ते दोघं त्या पोरांच्या हाताला धरून चढले. शोधपथक पहाटेच निघालेलं असतं. गोरिला रोज संध्याकाळी पाल्याचं नवं घरटं करतात, तेव्हा काल जिथे कुटुंब सोडलं तिथून माग काढत घरटी गाठायची आणि मग आजचा ठावठिकाणा बिनतारीवर कळवायचा, असं त्यांचं काम चालतं.

शेवटच्या चढावर काठ्या, पिशव्या ठेवल्या, मास्क चढवले. रेंजरने घशातून खोल आवाज काढला, “ह्म्म, ह्म्म”. गोरिला एकमेकांना सगळं ठीक असल्याचं असंच कळवतात. झाडीतून तसंच उत्तर आलं.

चंदेरी पाठीचा नर पाठमोरा बसून वेलीची साल सोलत होता. दोन क्विंटलांच्या आतबाहेरचं ते धूड, आणि बोटांची हालचाल मात्र भाजी निवडणाऱ्या बाईसारखी सवयीची, सावकाश. दोन माद्या, एकीच्या पोटाशी तान्हं. नाशिकच्या काकूंना दम लागला होता, त्यांनी मास्क नाकाखाली ओढला. रेंजरने लगेच खूण केली आणि त्यांनी तो वर घेतला.

अर्धा तास झाला असेल. तीनेक वर्षांचं एक पिल्लू फांदीवरून घसरलं, उठलं आणि थेट आमच्याकडे निघालं. छाती बडवायची, पडायचं, पुन्हा दोन पावलं पुढे. दहा मीटरचा नियम आपल्याला माहीत असतो, त्याला नाही. रेंजर हाताने मागे सरा म्हणत होता, पण मागे कडा आणि खाजरी झुडपं. पिल्लू ठाण्याच्या बाईंपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलं. त्याचं नाक ओलं चमकत होतं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला होता. काका चालण्यात कायम पुढे असत. ते आले असते तर त्या जागी तेच असते, आणि छातीत दाबलेला खोकला कधी ना कधी सुटतोच. रेंजरने एक फांदी जोरात हलवली, पिल्लू चमकलं आणि आईकडे पळालं.

2019 मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत जगभरातले पर्वतीय गोरिला 1,063 भरले. आधी याहून फार कमी होते, म्हणून हा आकडा आनंदाचाच आहे. या जंगलाचं 1991 मध्ये उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. तो घाव अजून भरलेला नाही, आणि गोरिलांच्या वाढत्या संख्येचं कौतुक करताना तो विसरू नये असं मला मनापासून वाटतं. एवढी किंमत मोजून राखलेलं कुटुंब आपल्या एका तासापायी आजारी पडलं, तर काय तोंड दाखवायचं?

संध्याकाळी लॉजवर पोहोचले तेव्हा काकांना ताप होता, एकशे एकच्या वर. डॉक्टरांनी विषाणूचा संसर्ग सांगून गोळ्या दिल्या होत्या. मी मेतकूट-भाताची सोय केली आणि ताट खोलीत नेलं. “ठेव तिथं,” म्हणाले. बाकी काही नाही.

पुढचा मुक्काम लेक म्बुरोला होता. तिथे झेब्रे आणि इम्पाला बघायला सकाळी निघायच्या वेळी नाशिकच्या काकूंना शिंका सुरू झाल्या. दुपारी पुण्याच्या एकाचा घसा धरला. म्हणजे ब्विंडीत ठणठणीत दिसणारे हे दोघं तिथे उभे होते तेव्हा संसर्ग त्यांच्या अंगात शिरलेला असू शकत होता. मी तिथूनच त्या रेंजरला फोन केला. त्याने पहिला प्रश्न केला, “पिल्लू जवळ आलं तेव्हा सगळ्यांचे मास्क वर होते?” होते. पिल्लू येण्याआधी काकूंचा थोडा वेळ खाली होता, तेही सांगितलं. त्याने कोणाला कधी त्रास सुरू झाला ते लिहून घेतलं. शोधपथक रोज नाक वाहतंय का, कोणी खोकतंय का हे पाहतंच. आता त्या कुटुंबाकडे जास्त बारकाईने बघायला सांगतो आणि पशुवैद्यांना कळवतो, असं म्हणाला.

परत आल्यावरही मी बरेच दिवस त्याला फोन करत राहिले, आणि प्रत्येक वेळी कुटुंब बरं असल्याचं कळत गेलं. ही गोष्ट मी काकांनाही कळवली. त्यांनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलणं केलं ते तेव्हाच, तासभर.

आता मी मुंबई विमानतळावरच सगळ्यांच्या हाती मास्क देते आणि विमानात, गाडीत लावायला लावते. प्राण्यांपर्यंत पोहोचायच्या आधीच आजार टाळायला हवा. कोणी कुरकुरलं तर ही हकीकत सांगते. काकांनी तशी परवानगी दिली आहे, फक्त नाव घेऊ नकोस म्हणाले.