काकांनी स्टँड परत लावला

गुरुवार, रात्री उशिरा

काकांनी आज ट्यूनिंग झाल्यावर नोटेशन ठेवायचा स्टँड परत पियानोवर लावला. बस, एवढंच झालंय. आणि मी साडेअकराला दिवा लावून हे खरडत बसलेय.

ट्यूनिंगसाठी स्टँड काढावाच लागतो, खुंट्या त्याच्याखालीच तर असतात. काका तो सरकवून बाहेर काढतात, भिंतीला टेकवतात आणि काम संपलं की तिथेच सोडून जातात. इतकी वर्षं हेच चाललंय. मी स्टेजवर समोर कागद ठेवत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मग वाजवताना समोर नुसत्या तारा दिसतात. आज हॉलवर पोचले तर काका निघून गेलेले आणि स्टँड जागच्या जागी, ताठ उभा.

म्हणजे त्यांच्याही कानावर गेलं तर.

शूबर्टच्या त्या शेवटच्या सोनाटात, बी फ्लॅट मेजरच्या, पहिल्या मूव्हमेंटमध्ये एक फाटा आहे. पहिल्यांदा तिथून एफ शार्प मायनर या पट्टीत जायचं. पुढे सगळं फिरून परत आलं की त्याच वळणावरून बी मायनरला. आजूबाजूचं जवळजवळ जुळ्या भावंडांसारखं. मार्चमधल्या कार्यक्रमात मी दुसऱ्या वेळीही पहिल्याच वाटेनं गेले. कळलं तेव्हा दोन्ही हात अगदी निवांतपणे परक्या गावात फिरत होते. घाम नंतर आला. कुठूनशी उडी मारून घरी पोचले, उरलेल्या तीन मूव्हमेंट वाजवल्या, टाळ्याही पडल्या. विंगेत कुणी काहीच बोललं नाही. ते जाऊ दे.

पण काकांनी असं का करावं? न विचारता? एखाद्याच्या खाटेशेजारी कुणी गुपचूप काठी ठेवून जावं तसं वाटलं मला. सरळ म्हणाले असते, ‘आता बघून वाजवत जा’, तर भांडले तरी असते.

पाठ असणं म्हणजे नक्की काय असतं, हे मला अजून धड सांगता येत नाही. थोडं कानात असतं, थोडं डोळ्यांत (पान डावं की उजवं, ओळ वरची की खालची), थोडं सुरांच्या हिशेबात. बाकी सगळं बोटांत. आणि बोटांना विचारलं की ती बावचळतात. ‘पुढे काय गं?’ एवढं मनात आलं की संपलं. मार्चपासून मी दर फाट्यावर विचारतेय. आठव्या बारमधला तो खालचा ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची थरथर) आज वाजवून बघितला, तर तो पियानोपेक्षा माझ्या पोटातच जास्त घुमत होता.

सहा-सात वर्षांची असल्यापासून रोजचे पाच-सहा तास. सुट्ट्या नाहीत, लग्नसमारंभ नाहीत, बोट चेमटेल म्हणून चेंडू हातात धरला नाही. आणि त्या सगळ्याची किंमत दोन मिनिटांच्या चुकलेल्या वाटेनं ठरायची. असं लिहिलं की डोळे भरून येतात खरे, पण दोनदा वाचलं की जरा नाटकीही वाटतं. चेंडू मला मुळात कधी आवडलाच नव्हता.

आणि पाठ वाजवायचा हा नेम घालून दिला कुणी? पियानोवादक क्लारा शूमान १८३७ मध्ये बर्लिनला नोटेशनशिवाय वाजवायला बसली, तेव्हा लेखिका बेटिना फॉन आर्निमनं तिला आगाऊ ठरवलं होतं. म्हणजे तेव्हा पाठ वाजवणं हा उर्मटपणा होता, आता न वाजवणं ही नामुष्की. पुढे तर खुद्द क्लाराच पाठ वाजवायच्या धास्तीनं हैराण व्हायची. पियानोवादक रिख्तर म्हातारपणी सरळ स्कोअर समोर घेऊन बसायचा. सभागृह अंधारात, पानांवर तेवढा एक छोटा दिवा. त्याला कुणी काठी म्हणालं नाही. अर्थात तो रिख्तर होता.

घरी आल्यावर कपाटातून जुनी प्रत काढली. किती वर्षांनी, देव जाणे. कडा पिवळ्या पडल्यात, बाइंडिंग सुटलंय. नेमक्या त्या फाट्यावर बाईंच्या जाड पेन्सिलीचं गोल वर्तुळ आणि शेजारी त्यांच्या तिरक्या अक्षरात दोनच शब्द: ‘इथे झोपतेस.’

हसूच फुटलं. म्हणजे मी तिथे विसाव्या वर्षीही झोपत होते. वय नाही, मार्च नाही, काही नाही. जुनीच खोड.

मग तास-दीड तास प्रत समोर ठेवून वाजवलं. आधी बिचकत, डोळे पानावर गेले की हात मागे राहायचे. नंतर जमलं. घोडं अडलं ते पान उलटताना. तो फाटा बरोब्बर पानाच्या तळाशी येतो आणि तेव्हा दोन्ही हात गुंतलेले. पेडलवर पान उलटणारा टॅबलेट असतो म्हणे, पण माझे पाय आधीच दोन पेडलांवर.

शनिवारी शेजारी कुणीतरी बसायला हवं. काकांना नोटेशन वाचता येतं का, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही.