चालायला सुरुवात हॅनाच्या दारापासून करा

मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टन गावात हेवर्ड रोडच्या कडेला एक दगड आहे. कॅप्टन आयझॅक डेव्हिसचं शेत इथे होतं आणि कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर १९ एप्रिल १७७५ रोजी तो मारला गेला, असं त्यावर कोरलंय. ब्रिटिशांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध त्याच दिवशी सुरू झालं. आमच्या भागात असे दगड पैशाला पासरी, त्यामुळे गाडीतून जाताना नजर जाते, पण कुणी थांबत नाही. इथून पुलापर्यंत दर पेट्रियट्स डेला, म्हणजे त्या दिवसाच्या आठवणीत असलेल्या एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीला, लोक चालत जातात. साधारण सात मैल. मुलाचा स्काउटचा गट निघाला होता, मीही गेले.

निघायचं भल्या पहाटे. एप्रिल असला तरी थंडी बोचते, कानटोपी आणि हातमोजे हवेतच. बूट मात्र सवयीचेच घाला. जुन्या वेशातले मिनिटमन पुढे असतात, मागे आपण सगळे.

मिलिशिया म्हणजे गावकऱ्यांचीच फौज. त्यातले जे क्षणात निघायला तयार, ते मिनिटमन. "आई, बंदुका त्यांच्या स्वतःच्या होत्या?" मुलाने विचारलं. स्वतःच्याच. डेव्हिस तर बंदुका बनवणारा कारागीर. त्याने आपल्या तुकडीला संगिनीही करून दिल्या होत्या, आणि नेमक्या त्यामुळेच पुलावर या तुकडीला सगळ्यात पुढे उभं केलं.

पण मला धरून ठेवलं ते त्याच्या बायकोने, हॅनाने. म्हातारपणी, १८३५ साली, तिने त्या सकाळची जबानी दिली. नवरा तीस वर्षांचा. चार मुलं, धाकटं जेमतेम सव्वा वर्षाचं, आणि त्या दिवशी चौघंही आजारी. तो फारसं बोलला नाही. निघताना एवढंच म्हणाला, मुलांची नीट काळजी घे. दुपारी त्याला घरी आणलं ते प्रेतच. ॲक्टनचे आणखी दोघे, ॲबनर हॉस्मर आणि जेम्स हेवर्ड, त्यांनाही याच घरी आणलं आणि तिघांचे अंत्यविधी एकत्र झाले. तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन रात्र काढलेल्या कुठल्याही बाईला त्या घरातली ती सकाळ समजावून सांगावी लागणार नाही. चालताना माझ्या डोक्यात लढाई नव्हतीच, ती चार मुलं होती.

गावातून पुढे स्ट्रॉबेरी हिल रोड लागतो. चढउतार आहेत, आणि इथेच लहान मुलं कुरकुर करायला लागतात. खिशात चिक्की ठेवा. कॉन्कर्डच्या हद्दीत बॅरेट्स मिल रोडला मिलिशियाचा प्रमुख कर्नल जेम्स बॅरेट याचं घर आहे. तिथे दडवलेला शस्त्रसाठा शोधायला ब्रिटिशांची एक तुकडी त्याच सकाळी आली होती. घर लागलं की उरलेलं अंतर फार वाटत नाही.

पुलाच्या अलीकडे, डेव्हिसची माणसं चालून आली त्याच बाजूला, डॅनियल चेस्टर फ्रेंचने घडवलेला मिनिटमनचा पुतळा आहे, १८७५ सालचा. गर्दी सगळी तिथे, फोटोही तिथेच. पुलावरच्या गोळीबारात डेव्हिस आणि हॉस्मर पडले. हेवर्ड दुपारी लेक्सिंग्टनमध्ये. बहुतेक लोक थेट पुलावर येतात आणि परत जातात. माझं म्हणणं, एक वर्ष तरी डेव्हिसच्या घरापासून चालत या. घरून निघालेला माणूस कोण होता हे ठाऊक असलं की पुलावरचं सगळं वेगळं दिसतं.

मुलांबरोबर जाणार असाल तर परतीची सोय आधी करून ठेवा, मिरवणुकीमुळे कॉन्कर्डचे रस्ते बंद असतात. आणि ॲक्टनला परतल्यावर गावातल्या मैदानावरच्या उंच स्मारकापाशी थांबा. १८५१ साली ते उभं राहिलं आणि तिघांच्या अस्थी त्याखाली आणून ठेवल्या.