चट्टा आणि तुकडा: वरोऱ्याकडच्या गावांत चार दिवस

नागपूरहून पहाटे निघून बुटीबोरी, जाम करत वरोऱ्याला पोचलो. आनंदवनामुळे हे नाव कुष्ठरोगाशी जोडलं गेलंय, पण आमचं काम त्याच्याही पुढे, चिमूर रस्त्यावरच्या गावांत होतं. कुष्ठरोगाचं हातांनी तपासून केलेलं निदान आणि त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेलं निदान कितपत जुळतं, ते बघायचं होतं.

कापूसवेचणीच्या दिवसांत जाणार असाल तर सकाळी आठच्या आत गावात पोचा, नंतर घरी कुणी सापडत नाही. गावची आशाताई सोबत हवीच. तिच्याशिवाय बायका पाठ उघडी करत नाहीत. फिकट चट्टा बल्बच्या उजेडात हरवतो, म्हणून खिडकीशी बसवून बघा.

"दुखतच नाही तं कायले कापता जी?" एका आजींनी विचारलं. न दुखणं हाच तर हा आजार. पण चट्ट्याच्या कडेला संवेदना शिल्लक असते, तेव्हा भूल द्याच.

एका मुलीच्या दंडावरचा चट्टा पूर्ण बधिर होता. रिपोर्ट आला, 'साधा दाह'. चूक माझी होती. तुकडा मी मधून आणि उथळ घेतला होता. दुसऱ्यांदा कडेचा, खालच्या चरबीपर्यंतचा घेतला, तेव्हा मज्जातंतू पोखरणारी पेशींची बारीक गाठ, म्हणजे कुष्ठरोगाची खूण, दिसली. त्या मुलीला दोनदा टाके पडले, याचं वाईट अजून वाटतं. गोळ्या मात्र पहिल्याच दिवशी सुरू केल्या होत्या. बधिर चट्टा असताना रिपोर्टसाठी थांबायचं नसतं.

एका काकांना चारच चट्टे होते, म्हणजे मोजणीनुसार 6 महिन्यांचे उपचार. पण चट्ट्यांच्या कडा धूसर होत्या, कानाच्या पाळ्या जाड लागल्या. तुकड्यात फेसाळ पेशी आणि जंतूंचे पुंजके निघाले, म्हणजे हा भरपूर जंतूंचा प्रकार. उपचार 12 महिन्यांवर गेले. रिडली आणि जॉपलिंग या डॉक्टरांनी 1966 मध्ये कुष्ठरोगाचे कमी जंतूंपासून भरपूर जंतूंपर्यंत पाच प्रकार केले, त्यांपैकी दोन्ही टोकांना निदान बहुधा जुळतं. घसरतं ते मधल्यांत.

बाटलीवर नाव पेन्सिलीनं लिहा, शाई फॉर्मलिनमध्ये पुसली जाते. फॉर्मलिन तुकड्याच्या दसपट घ्या. चेहऱ्यावरचा तुकडा शक्यतो टाळा. गोळ्यांनी लघवी लाल होते, अंग काळवंडतं, हे आधीच सांगा. नाहीतर लोक घाबरून गोळ्या बंद करतात.

टाके काढायला दहाव्या दिवशी पुन्हा गेलो. उपचार बदलल्यामुळे काकांचं गोळ्यांचं पान बदलून दिलं. त्यांनी जुन्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजून परत केल्या, एकही चुकली नव्हती.