मुंबई ते न्यूयॉर्क: साडेबारा हजार किलोमीटरचा हिशेब

मुंबईचा सहार विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, सर्वांत जवळच्या वाटेनं सुमारे १२,५४० किलोमीटर. ही वाट भिंतीवरच्या नकाशात दिसत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो कच्छ, सिंध, अफगाणिस्तान ओलांडत रशियावर चढतो, आइसलँडच्या दक्षिण भागापाशी ६४-६५ अंश उत्तरेला पोचतो आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून कॅनडात उतरतो.

प्रत्यक्षात विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा आला. म्हणून जुन्या प्रवासाच्या आठवणीवर वेळ धरू नका, ताजं तिकीट बघा.

ताशी ९०० किलोमीटरनं हे अंतर १४ तासांचं. पण वरती वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. सीटसमोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड', म्हणजे जमिनीच्या हिशेबानं विमानाचा वेग, बघत राहा: जाताना तो ८५० च्या खाली रेंगाळतो, येताना हजारावर जातो. एरवी जायला साधारण सोळा आणि यायला चौदा तास लागतात, ते यामुळेच.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून पहाटे १:३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोचणार असेल, तर वजाबाकीचे ६ तास आणि वर उन्हाळ्यातला ९:३० तासांचा फरक, म्हणजे १५:३० तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक १०:३० धरायचा.

मधे उतरल्यानं किलोमीटर फारसे वाढत नाहीत. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे जेमतेम २०० जास्त. वाढतो तो वेळ: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, गेटवर बसणं, पुन्हा चढणं. यात चार-पाच तास सहज जातात. तरीही गुडघेदुखी असलेल्या आईबाबांना मी थांब्याचंच विमान सुचवेन, मधे पाय मोकळे होतात. जेएफकेहून पुढे बोस्टन-शिकागो गाठायचं असेल तर मात्र तीन तास हाताशी ठेवाच. इमिग्रेशन तिथेच होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

आणि सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो तारखेचा. '१५ तारीख, ००:५०' म्हणजे १४ च्या रात्री ९ ला तुम्ही टर्मिनल २ वर हवेत. शुक्रवार असेल तर दादरहून सात-सव्वासातलाच निघा, किंवा बॅगा कमी असतील तर सरळ भुयारी मेट्रोनं टी-२ स्टेशन गाठा.