केकवॉकचा मालक बदलला तेव्हा

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिटारवाल्या गिब्सन कंपनीने केकवॉक या म्युझिक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं काम थांबवलं तेव्हा पंचवटीतल्या आमच्या खोलीत दोन दिवस कोणी नीट बोललंच नाही. सोनार, म्हणजे केकवॉकचं आम्ही वापरायचो ते सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर चालूच होतं, पण विंडोजचा पुढचा अपडेट आला की काय, आणि ढोल पथकाच्या तीन वर्षांच्या फाइल्स, त्यातला एक ताशाचा ट्रॅक तर मी रात्रभर बसून एकेक ठोका सरकवून जुळवलेला, त्या उघडणार कशात? दादा म्हणाला, "सगळं वेव्हमध्ये काढून ठेव." काढलं. पण वेव्हमध्ये नुसता आवाज येतो, सेटिंग नाही येत ना.

१९८७ पासूनचं सॉफ्टवेअर आहे हे, असं कसं बंद होतं?

मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतलं. मोबाइल ॲपवाले हे काय सांभाळणार, अशी मला खरंच धाकधूक होती, आणि एप्रिलमध्ये तेच सॉफ्टवेअर चक्क फुकट आलं. भीत भीत जुनी फाइल उघडली तर ताशा जागच्या जागी, रिव्हर्बसकट, म्हणजे आवाज घुमवण्याच्या सेटिंगसकट. दादाला हाक मारली आणि काही न बोलता हेडफोन त्याच्या कानाला लावला.