एनएफएस उठेना

सोमवार, रात्र

आजचा अख्खा दिवस एनएफएस या एका सर्व्हिसने खाल्ला; सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येतात ते हिच्यामुळे. सकाळी कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करून सर्व्हर रीबूट केला. दहा मिनिटांत पहिला निरोप आला, "शेअर्ड फोल्डर दिसत नाहीये." मग दुसरा. मग फोनच सुरू झाले.

सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडला एनएफएस-सर्व्हरचं स्टेटस विचारलं तर उत्तर आलं 'इनॅक्टिव्ह'. 'फेल्ड' नाही. म्हणजे सर्व्हिस उठून पडली नव्हती, तिला उठूच दिलं नव्हतं. हा फरक तेव्हा डोळ्यांना दिसला, डोक्यात शिरला नाही. हाताने स्टार्ट केलं तेव्हाही स्क्रीनवर स्पष्ट आलं होतं की एक डिपेंडन्सी जॉब (ही सर्व्हिस ज्यावर अवलंबून आहे ते काम) फेल झाला आहे. मी त्यातलं फक्त 'फेल' वाचलं.

संशय आधी कर्नलवर. रीबूट करून, बूट होताना कर्नल सुरू करणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला. तरी तेच. इथे खरं तर थांबायला हवं होतं: जुन्या कर्नलवरही रड तीच असेल तर दोष कर्नलचा कसा? पण लोक खोळंबलेले असले की माणूस विचार करत नाही, बटणं दाबतो.

मग एक्सपोर्ट्सची फाइल, म्हणजे कोणता फोल्डर कोणाला द्यायचा त्याची यादी. कॉपी काढून ठेवली (एवढं शहाणपण शिल्लक होतं) आणि एकेक ओळ बंद करून पाहत बसले. ती यादी लागू करणारी एक्सपोर्टएफएस कमांड चालवली की एका ओळीवर वॉर्निंग यायची, 'नो ऑप्शन्स' अशी काहीतरी. एरर नाही ना, मग जाऊ दे म्हटलं. त्या वॉर्निंगकडे परत येते.

दुपारी तीनला शेवटी जर्नल (सिस्टमची नोंदवही) नीट वाचलं. एनएफएसचं नाही, संपूर्ण बूटचं, वरून खाली. एनएफएसच्या बऱ्याच आधी आरपीसीबाइंड.सॉकेट पडलं होतं. आरपीसीबाइंड म्हणजे कोणती सर्व्हिस कोणत्या पोर्टवर आहे ते बाकीच्या मशीन्सना सांगणारा प्रोग्राम. कारण: आयपीव्ही६ च्या (नेटवर्क पत्त्यांची नवी पद्धत; जुनी आयपीव्ही४) १११ पोर्टवर ऐकायला सॉकेट उघडता आलं नाही, 'ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड'. प्रॉकमधली सीएमडीलाइन, म्हणजे बूट होताना कर्नलला दिलेली पॅरामीटर्स, उघडली. शेवटी लिहिलेलं: आयपीव्ही६.डिसेबल=१. म्हणजे आयपीव्ही६ बंद.

ते मीच लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात. 'आपल्याकडे कोण वापरतंय, कशाला चालू ठेवायचं' असं म्हणून ग्रबच्या कॉन्फिगमध्ये टाकलं आणि विसरले. कर्नलचं पॅरामीटर रीबूटशिवाय लागू होत नाही, म्हणून आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. ग्रबने ते जुन्या-नव्या दोन्ही कर्नलच्या नोंदींना लावलं होतं, म्हणून जुन्या कर्नलवरही तेच.

आरपीसीबाइंडच्या सॉकेट युनिटमध्ये (ते कसं उठवायचं ते सांगणारी फाइल) एक लोकल सॉकेट आणि नेटवर्कचे चार पत्ते असतात: आयपीव्ही४ वर टीसीपी आणि यूडीपी, आयपीव्ही६ वर तेच दोन. त्यातला एक जरी उघडला नाही तरी पूर्ण युनिट पडतं. आणि आमच्या या जुन्या सर्व्हरवर एनएफएसच्या युनिटमध्ये त्याच्यासाठी 'रिक्वायर्स' आहे, म्हणजे ते उठलं नाही तर एनएफएसनेही उठायचं नाही. तिथे 'वॉन्ट्स' (असलं तर बरं) असतं तर आरपीसीबाइंड पडूनही एनएफएस उठलं असतं. चीड याची येते की आमचे सगळे क्लायंट (फोल्डर वापरणारी मशीन्स) एनएफएस ४ वर आहेत. त्यांना एकटं २०४९ पोर्ट पुरतं. आरपीसीबाइंड लागतं ते आवृत्ती ३ ला. ज्याची गरजच नाही त्याच्यासाठी दिवसभर सगळे अडून बसले.

सरळ रस्ता म्हणजे ते पॅरामीटर काढून रीबूट. पण भर कामाच्या वेळात तिसऱ्यांदा रीबूट नको होतं, म्हणून सॉकेट युनिटला ओव्हरराइड (मूळ फाइलला हात न लावता वरून दिलेली सेटिंग) लिहिला. त्यात फक्त आयपीव्ही४ च्या ओळी टाकल्या आणि पुन्हा तीच एरर. या ओळी जुन्याला बदलत नाहीत, त्यात भर घालतात. आधी रिकामी 'लिसनस्ट्रीम=' ओळ लिहून यादी पुसावी लागते. ती सगळंच पुसते, लोकल सॉकेटसुद्धा, म्हणून हव्या त्या तिन्ही ओळी खाली पुन्हा लिहायच्या. तसं केल्यावर आरपीसीबाइंड उठलं, मागोमाग एनएफएस. पावणेचार. निरोप थांबले. पॅरामीटर संध्याकाळी सगळे गेल्यावर काढलं, रीबूट केलं, ओव्हरराइड पुसला.

आता ती वॉर्निंग. घरी येऊन एक्सपोर्टएफएस -व्ही चालवलं. जुन्या संग्रहाच्या फोल्डरपुढे लिहिलं होतं 'वर्ल्ड', आणि त्यापुढे आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं दोन्ही). फाइलमध्ये पाहिलं:

१९२.१६८.१.०/२४ (आरडब्ल्यू)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये एक स्पेस. त्या स्पेसमुळे अर्थ असा होतो की आमच्या नेटवर्कला डीफॉल्ट, म्हणजे फक्त वाचायची मुभा. आणि उरलेल्या जगाला लिहायची. संग्रहात कोणी काही लिहायला जात नाही, त्यामुळे तक्रार आली नाही. सकाळच्या कॉपीवर शेवटच्या बदलाची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

बाहेरच्यांसाठी फायरवॉल आहे. पण पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नेटवर्कवर आहे, आणि तिथून २०४९ ला पोचता येतं का हे कधी तपासलंच नव्हतं. जेवण तसंच ठेवून परत गेले, लॅपटॉप त्या वायफायला जोडला आणि संग्रह माउंट करून (आपल्या मशीनवर उघडून) पाहिला. झाला.

स्पेस काढली, पाहुण्यांच्या नेटवर्कवरून २०४९ बंद केलं. घरी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. चौदा महिन्यांत त्या फोल्डरमधल्या कोणत्या फाइल बदलल्या, ते उद्या बॅकअपशी ताडून पाहायचं.