नाव एक, फंक्शनं दोन

एका पतसंस्थेच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस, आणि व्याज काढून पूर्ण रुपयात आणणारं फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा छोटा कोड, डेटाबेसमध्येच साठवलेलं. तिथल्या कारकूनबाईंनी एक दिवस दोन पावत्या समोर ठेवल्या. ११३.५० चे ११४ झाले होते, पण ११२.५० चे ११२ च. त्यांचा मुद्दा रास्त होता. फंक्शन रक्कम डबल प्रिसिजन या अंदाजे दशांशाच्या टाइपमध्ये घेत होतं आणि आमच्या सर्व्हरवर त्या टाइपचा राउंड, म्हणजे पूर्णांकात आणणं, बरोबर अर्ध्यावर आला की सम संख्येकडे झुकतो. न्यूमेरिक या अचूक दशांशाच्या टाइपचा अर्धा शून्यापासून दूर, म्हणजे धन रकमेत नेहमी वर जातो.

मी पॅरामीटरचा, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या रकमेचा, टाइप न्यूमेरिक केला, आणि जुन्याच्या जागी नवं ठेवणारी क्रिएट ऑर रिप्लेस ही आज्ञा चालवली. एरर नाही. बचत खात्यांचं व्याज सुधारलं, मुदत ठेवींचं मात्र जुनंच येत राहिलं. दोन दिवस मी ठेवींचा कोड उसवत बसलो. शेवटी पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये फंक्शनांची यादी दाखवणारं बॅकस्लॅश डीएफ दिलं, तर त्याच नावाच्या दोन ओळी!

पोस्टग्रेस फंक्शन ओळखतं ते नाव आणि पॅरामीटरचे टाइप मिळून. टाइप बदलला की रिप्लेस होतच नाही, शेजारी नवं फंक्शन उभं राहतं. ठेवींची रक्कम इंटिजर, म्हणजे पूर्णांकाच्या, कॉलममध्ये होती, आणि इंटिजर आला की पोस्टग्रेस या दोघांतून डबल प्रिसिजनवालं निवडतं, कारण अंकांच्या टाइपांत त्याला पसंती आहे. सभासदांच्या पैशाचा हिशेब असा गुपचूप दोन वाटांनी चालला होता, याची मला फार रुखरुख लागली.

जुनं फंक्शन नुसत्या नावाने ड्रॉप करता, म्हणजे काढून टाकता, येईना; कंसात टाइप दिले तेव्हा जुनं गेलं. रात्रीचा अहवाल मात्र पडला. तो पीएलपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या दुसऱ्या फंक्शनमधून डबल प्रिसिजन पाठवत होता, आणि ते आपणहून न्यूमेरिक होत नाही. जुन्या फंक्शनवर एखादा व्ह्यू, म्हणजे साठवलेली क्वेरी, अवलंबून असता तर ड्रॉप अडला असता. पण अशा फंक्शनच्या आतल्या मजकुरात कोणतं दुसरं फंक्शन वापरलंय, याची अवलंबित्वाची नोंद पोस्टग्रेस ठेवत नाही. मग पीजी_प्रोक या फंक्शनांच्या अंतर्गत टेबलच्या प्रोएसआरसी कॉलममध्ये, जिथे फंक्शनचा मजकूर असतो, नाव शोधून त्याला बोलावणारी अशी सगळी फंक्शनं गाठली.

आता दर फंक्शनची वेगळी फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात आहे. टाइप बदलायचा असेल तर जुन्याचा ड्रॉप, नव्याचा क्रिएट आणि परवानग्यांचे ग्रँट, तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही. ड्रॉपबरोबर जुने ग्रँटही जातात. ट्रान्झॅक्शन कमिट, म्हणजे पक्की, करण्याआधी पुन्हा बॅकस्लॅश डीएफ, आणि ओळ एकच दिसली तरच पुढे.